खालच्या उतारावरची फक्की

१२ नोव्हेंबर, बुधवार
बूट अजून ओलेच. सकाळी सातला गस्त, वरच्या वाडीपासून ओढ्यापर्यंत. सोबत मजुरांचे मुकादम बारकूदादा. मला या बीटला येऊन पाच महिने झाले, तेवढ्यात हा माणूस माझ्याशी वीसेक वाक्यं बोलला असेल. आज एकविसावं: "म्याडम, तिथं पाय नका ठेवू."

चिडलेच मी. वनरक्षक मी, आणि पाय कुठे ठेवायचा ते मुकादम सांगणार. पण ते उकिडवे बसले, गवताची काडी घेतली आणि जमिनीवरचा शेवाळाचा तुकडा अलगद उचलला. रुपयाएवढा. खाली भोक, आतून पांढरं अस्तर, कोळ्याच्या जाळ्याचं. तुकडा म्हणजे झाकण, एका बाजूने बिजागरी. काडी काढली तसं आपोआप बंद. परत शोधायला गेले तर सापडेना. तिथेच बसले होते आणि सापडेना.

"कोळी हाय आत. बाई हाय ती. नर फिरतो पावसात, ही बाहेर येत नाय. हितंच जलमते, हितंच मरते."

किती वर्षं जगते, विचारलं. "माझ्या मोठ्या पोरीचं लगीन झालं तवा हे झाकण नखाएवढं व्हतं." मुलीच्या लग्नाला चौदा वर्षं झाली म्हणे.

म्हणजे माझ्या नोकरीपेक्षा जुनी. ओढ्याकडच्या खालच्या उतारावर अशी पुष्कळ आहेत म्हणाले. रजिस्टरला काही लिहिलं नाही. कोळ्यासाठी रकानाच नाही.

१४ नोव्हेंबर
परवा काढलेला उघड्या झाकणाचा फोटो रेवतीला पाठवला. मागच्या वर्षी शहापूरच्या प्रशिक्षणात कोळ्यांवर बोलायला आलेली पुण्याची मुलगी, त्यातच संशोधन करते. तेव्हा अर्धा वर्ग पेंगत होता, त्यात मीही. नंबर मात्र घेऊन ठेवला होता. दहा मिनिटांत फोन. "ताई, कुठे आहात? तिथून हलू नका."

मी सरळगावच्या नाक्यावर वडापाव खात होते.

२३ नोव्हेंबर, रविवार
रेवती आली. मुरबाडपर्यंत एस.टी., पुढे जीप. दिवसभर पोटावर पडून. खालच्या उतारावर एकूण अडतीस झाकणं मोजली. त्यातली एकोणतीस बारकूदादांनी दाखवली, न वाकता, नुसत्या काठीच्या टोकाने. "ही आळशी हाय, उशिरा उघडते. ती तिकडची चावरी." रेवतीने सगळं वहीत उतरवून घेतलं, आळशी आणि चावरीसकट.

बहुतेक नवीन जात, म्हणते. पण नर हाती लागल्याशिवाय खात्री नाही, आणि नर पावसाळ्यातच बिळाबाहेर पडतो. म्हणजे जूनपर्यंत दम धरायचा. पिल्लं आईपासून चार हातांवर बीळ करतात, लांब जात नाहीत, म्हणून सगळ्या एकाच उतारावर. पलीकडचं टेपाड पालथं घातलं, एकसुद्धा नाही. मोठी झालेली मादी जागा बदलत नाही. काढून दुसरीकडे ठेवली तर नवीन बीळ करणं तिला जमेलच असं नाही.

"हा उतार गेला तर जात गेली, ताई. निदान आपल्याला माहीत असलेली."

नाव मी ठेवलं. झाकणवाली. इथे यापुढे झा.

रेवतीला जीपपर्यंत सोडलं. जाताना बारकूदादांच्या पाया पडली. ते एवढे लाजले की टोपी काढून परत घातली.

८ डिसेंबर
प्रत्येक झा.जवळ रेवतीने काडीला लाल रिबीन बांधली होती. आज मोजल्या तर अकरा. काही शेळ्यांनी खाल्ल्या असाव्यात. काहींचं काय झालं ते वरच्या वाडीत कळलं, एक चिमुरडी दोन वेण्यांना लाल रिबिनी लावून अंगणात. काय बोलणार. दिसत होती छान.

वनपाल साहेबांना उताराबद्दल सांगितलं होतं. आता ते फार खुशीत. जानेवारीअखेर वरून पाहणीला येणार, तेव्हा "आपल्या हद्दीतला कोळी" दाखवायचा म्हणतात. कालपर्यंत झुरळ आणि कोळी एकच म्हणणारा माणूस.

२९ डिसेंबर
पाणी अडवायचे चर मंजूर. वरच्या उतारावर. मार्चच्या आत उरकायचे, म्हणजे नेहमीप्रमाणे धावपळ. आज मी आणि बारकूदादांनी रेघा आखल्या. पाण्याची नळी धरून लेव्हल, खुंटी, मग पांढरी फक्की. मैदानावर खो-खोला मारतात तीच. फक्की पडली की मजुरांनी डोळे मिटून तिथे खणायचं, हा वर्षानुवर्षांचा नियम.

बारकूदादांनी स्वतःहून रेघ पंधरा फूट वर घ्यायला लावली, खाली झा. आहेत म्हणून. साहेबांना वेगळं सांगावं लागलं नाही. बरं वाटलं.

फक्कीचं अर्धं पोतं उरलंय.

१ जानेवारी, गुरुवार
रेवतीचा फोन. वीस तारखेच्या आसपास तिच्या मॅडमना घेऊन येते. रिबिनी गेल्या, तर दुसरी काही खूण करून ठेवाल का? काहीही चालेल, फक्त झाकणाला लागू देऊ नका.

उरलेलं पोतं आठवलं. दुपारी एकटीच गेले. रिबिनी गेल्या तरी रोवलेल्या काड्या जागेवर होत्या, शोधून काढल्या. प्रत्येक झा.पासून वीतभर अंतरावर चिमूट चिमूट फक्की. अडतीस ठिपके. शेळी खात नाही, पोरी वेणीला लावत नाहीत, पाऊस नाही तोवर जात नाही. वर उभं राहून बघितलं तर उतारावर रांगोळीचे ठिपके मांडल्यासारखं. स्वतःवरच खूश होऊन शीळ घातली. आई म्हणते बाईने शीळ घालू नये. जंगलात चालते.

बारकूदादा घरी गेले होते. त्यांना उद्या सांगते.

३ जानेवारी, शनिवार
रजा. म्हशाची जत्रा. भावाला बैल बघायचे होते आणि आईला मी सोबत हवी होती. धूळ, माणसं, घोंगड्यांचे ढीग. बैलाचे दात बघणारा भाऊ स्वतःच बैलासारखा दिसत होता.

चर खणायला आजच सुरुवात. बारकूदादांचे फोनवर फोन. पहिला: रेघेत धोंडा आलाय. दुसरा: ऐनाचं रोप आलंय, वळवू का. तिसरा: टिकावाचा दांडा मोडला. तिसऱ्याला माझं डोकं सरकलं. दांडा मोडला तर मी म्हशाहून काय करू? म्हटलं, "दादा, फक्की दिसली की खणायचं. दर वेळी मला विचारायचं नाही. एवढी वर्षं काम करता."

अर्ध्या तासाने परत. "म्याडम, ती खालची—"

"खणा म्हटलं ना." ठेवला.

नंतर फोन नाही. शांतपणे उसाचा रस प्यायलो. आईला हिरव्या काठाचं घोंगडं घेतलं.

५ जानेवारी, सोमवार
लिहवत नाही. लिहिते.

सकाळी आठला खालच्या उतारावर. ठिपके होते तिथे खड्डे. दीड दीड फूट. अडतीस. वरचे चरही झालेत, सरळ, नीट, रेघेबरहुकूम. आणि खालचे खड्डेही तितकेच नीट. मातीत पांढऱ्या अस्तराच्या चिंध्या.

बारकूदादा आंब्याखाली उभे.  मी काही बोलायच्या आधी ते म्हणाले, "फक्की व्हती."

हो. फक्की होती. माझ्या हाताने टाकलेली. मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आणि विचारायला फोन केला तेव्हा वाक्य पुरं करू दिलं नाही.

"मना वाटलं, साहेब लोकांनी ठरवलं असंल."

त्यांनी मातीची हंडी दाखवली. ओली माती, वर पळसाचं पान. आत अकरा झा., जिवंत, पाय आखडून. खणताना सापडतील तशा काढून घेतल्या होत्या. पहारीने उताराच्या कडेच्या बांधात नवी भोकं केली आणि एकेक आत सोडली. दोघांनी.  

बाकी सत्तावीस मातीत गेल्या.

६ जानेवारी
साहेब आले. चर बघून खूश, मग नजर खाली गेली.

"हे खड्डे कोणी खणले?"

बारकूदादा: "आमीच."

"कोणी सांगितलं?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बोलायला जागा देतात तसं. बराच वेळ पाहिलं. माझ्या तोंडात शब्द होता, खरंच होता. साहेब घड्याळ बघत होते. मनात आलं, संध्याकाळी एकटे भेटले की सांगू, सगळ्या मजुरांसमोर कशाला.

बारकूदादांनी नजर काढली. "चूक झाली, साहेब."

"पाहणीला येतायत लोक, काय दाखवू त्यांना? तुझं डोकं? उद्यापासून याला बोलवायचं नाही."

सगळीकडे उचलली जीभ लावली टाळ्याला करणारी मी. आज मात्र अळीमिळी गुपचिळी.

७ जानेवारी
साहेबांनी लेखी खुलासा मागितला. लिहिला. शब्द इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे विसरल्याचं सोंग करता येणार नाही: "मुकादमाने सूचना नीट समजून न घेतल्याने सदर प्रकार घडला."

यात धडधडीत खोटं एकच आहे. पण तेच सगळं आहे.

घरभाडं, नोकरीची मुदत, कायम होण्याचा कागद, आई. कारणं हवी तितकी आहेत. यातलं एकही बारकूदादांना तोंडावर सांगता येणार नाही.

१९ जानेवारी
रेवती आली. तिच्या मॅडम आल्या नाहीत, काय बघायला येणार. रडेल वाटलं होतं. रडली नाही. गुडघ्यांवर बसून एकेक खड्डा तपासला, मातीतून झाकणाचे तुकडे डबीत घेतले. मग म्हणाली, "लोकांना कळतच नाही ना, ताई."

मी मान हलवली.

बोलले असते तर एक वेळ चाललं असतं. नुसती मान हलवणं त्याहून वाईट. बोललेलं मागे घेता येतं, हललेल्या मानेचं काय करायचं.

बारकूदादा कुठे, विचारलं तिने. म्हटलं, हल्ली कामावर नसतात. हेही खरंच.

११ फेब्रुवारी
जाळरेषेचं काम. वणवा पसरू नये म्हणून जंगलाच्या कडेने पट्टा जाळतात तो. नवीन मुकादम साहेबांच्या ओळखीचा, तिशीतला, चांगला आहे, हसतमुख. पण आग बांधापर्यंत आणली. त्या बांधातच अकरा झा. सोडलेल्या. ओरडून थांबवलं.

मजुरांतला एक जण म्हणाला, "बारकूदादा दर वर्सी आधी बांध भिजवायचा. ओढ्यातून हंडे भरून. तवा पेटवायचा."

दर वर्षी. कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या कागदात नव्हतं. मी आज हंडे भरले. सतरा खेपा. पाठ मोडली.

८ मार्च, रविवार
भातरोपाच्या जागेवर राब भाजायचा म्हणून वाडीतल्या बाया पाला गोळा करतायत. भारे बांधून चालल्या होत्या. मी म्हटलं, खालच्या उतारावरचा नेऊ नका. झाकणांवर पाला असला तर जमीन ओल धरते, हे रेवतीने शिकवलेलं.

एक म्हातारी हसली. "तिकडचा आमी कवाच नेत नाय गो. बारकू वराडतो."

म्हणजे यातही ते आधीच पोचलेले. मी या बीटला कशासाठी आहे, असा प्रश्न पडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे चोराला वर सायकल भत्ताही मिळतो.

बारकूदादांच्या घराबाहेरून गेले. दार लोटलेलं. कोणी दिसलं नाही याचं बरं वाटलं, मग त्या बरं वाटण्याची शरम वाटली.

२ एप्रिल
अकरांचा हिशोब. सहा मेल्या, मुंग्यांनी पोखरलेल्या. तीन भोकं रिकामी. दोन ठिकाणी झाकण. वेडंवाकडं, पातळ, पण झाकण. उन्हाळ्यात आतून शिवून घेतात तसं शिवलेलं. उघडून बघायचा मोह झाला. हात मागे घेतला.

ही गोष्ट ज्याला सांगावी असा एकच माणूस आहे.

१७ एप्रिल, शुक्रवार
ऑफिसच्या कामाने कसाऱ्याला. घाटाखाली रस्त्याचं काम, एकेरी वाहतूक. आमची जीप थांबली. पुढे लाल-हिरवं निशाण घेऊन बारकूदादा.

अंगात चमकणारं जाकीट, डोक्यावर पिवळा टोप. साठीचा माणूस, रानातल्या प्रत्येक भोकाची वंशावळ सांगणारा, डांबराच्या वाफेत गाड्या थांबवतोय. जीप समोर दोन मिनिटं तरी उभी होती. मी दुसऱ्या रांगेत. उतरले नाही. त्यांनी मला बघितलं असावं. नक्की बघितलं. मग हिरवं निशाण वर केलं आणि आमची जीप निघाली.

ड्रायव्हर म्हणाला, "तो आपला मुकादम होता ना?"

म्हटलं, "हो."

९ मे
रेवतीने तिच्या लेखाचा मसुदा पाठवला. इंग्रजीत. नर मिळेपर्यंत जातीला नाव देता येत नाही, तोवर या जागेची नोंद तरी छापून यावी म्हणून. शेवटी आभारात माझं नाव, पूर्ण, हुद्द्यासकट. "ज्यांच्यामुळे ही वस्ती उजेडात आली."

आणि त्याच्या वरच्या परिच्छेदात: स्थानिक मजुरांच्या अज्ञानामुळे वस्ती जवळजवळ नष्ट झाली.

अज्ञान हा शब्द तिने कुठून आणला? खाली टीप आहे. माझा खुलासा. साहेबांनी तिला प्रत दिलेली. "नीट समजून न घेतल्याने" चं इंग्रजी करताना तेवढंच झालं. तिची काय चूक.

ज्या माणसाने तिला अडतीसातली एकोणतीस दाखवली, त्याचं छापील जगातलं नाव "अज्ञान". माझं "आभार".



१८ मे
नवा खुलासा. चार वेळा लिहिला. पहिल्यात इतकी रडारड की मलाच किळस आली. दुसऱ्यात अर्धी चूक जत्रेतल्या गोंगाटाची निघाली. तिसऱ्यात साहेबांची. चौथा सहा ओळींचा: फक्की मी टाकली. मुकादमांना कळवली नाही. त्यांनी फोन करून विचारलं, मी ऐकून न घेता खणायला सांगितलं. आधीचा खुलासा खोटा आहे. मुकादमांना परत कामावर घ्यावं. सही.

एवढंच होतं. एवढ्यासाठी साडेचार महिने.

२५ मे, सोमवार
साहेबांना दिला. वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"वरातीमागून घोडं. आता काय फायदा? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेशील."

म्हटलं, पडू दे.

"तू अजून कायम झालेली नाहीस, लक्षात आहे ना?"

लक्षात आहे. दुसरं काय लक्षात असतं माझ्या.

कागद परत माझ्याकडे सरकवला. मी घेतला नाही. टेबलावरच राहिला. बऱ्याच वेळाने त्यांनी आवक नोंदवहीत चढवला. माणूस वाईट नाही. पाच जूनला अकरा वाजता बोलावलंय, वरचे साहेबही असतील. रेवतीलाही पत्र जाणार.

२८ मे
रेवतीला पत्र मिळायच्या आधी मीच फोन केला. सगळं सांगितलं, मान हलवल्याचंसुद्धा.  फोन कट झाला वाटून दोनदा हॅलो केलं.

"आहे मी." मग: "ताई, त्यांना सगळ्यात जास्त माहीत होतं. माझ्या वहीत त्यांच्या हवाल्याने अकरा पानं आहेत. आणि मी अज्ञान लिहिलं."

म्हटलं, माझ्या कागदावरून लिहिलंस.

"कागदावरून लिहिलं हेच तर." लेख पुढे गेलाय, वाक्य बदलता येईल का बघते म्हणाली. पाच तारखेला येते म्हणाली. ठेवते म्हणाली नाही, नुसता ठेवला. नेहमी "काळजी घ्या ताई" असतं शेवटी.

४ जून, गुरुवार
बारकूदादांच्या घरी गेले. रस्त्याचं काम पावसासाठी थांबलंय, ते घरी आहेत असं वाडीत कळलं होतं. घरामागे राब भाजलेल्या काळ्या तुकड्यात भात पेरत होते. सोनीबाय, त्यांची बायको, ओट्यावर. तिने पाणी दिलं.

बांधावर बसून सांगितलं. नवा खुलासा दिला, उद्या अकराला बोलावलंय, तुमचं काम परत मिळेल असं बघते. रेवतीच्या लेखातलं वाक्यही सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवून गेले होते.

"त्यात माझं नाव हाय?"

"नाही. मजूर असं लिहिलंय."

"मंग बरं."

मूठ मूठ बी टाकत पुढे गेले. मला वाटलं संपलं. उठणार तेवढ्यात म्हणाले, "तुमच्यावर राग नाय, म्याडम. त्या दिवशी तुमी फोन ठेवला ना, मी पंधरा मिनटं बसून व्हतो. पोरं बोलत व्हती, दादा, फक्की हाय, खणू. मना माहीत व्हतं, हे चूक हाय. तुमच्यापेक्षा जास्त माहीत व्हतं. तरी उठलो."



"अडतीसच्या अडतीस मीच खणले. पोरांना हात नाय लावू दिला. ती जोरात मारतात. मी हळू मारीन, तेवढ्या वाचतील."

म्हणजे त्या अकरा. सापडल्या नव्हत्या. वाचवल्या होत्या. मी पाच महिने समजत होते, हा माणूस माझी चूक पोटात घेऊन गप्प आहे. तो स्वतःचीच घेऊन बसला होता.

सोनीबाय ओट्यावरून म्हणाली, "जेवत नव्हता हो, आठ दिस."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ती आत गेली.

"साहेबानं इचारलं तवा तुमी बोलला असता, तरी मी 'आमीच खणले' असंच बोल्लो असतो. हात माझा व्हता." बियाची टोपली खाली ठेवली. "तुमी तुमचा खुलासा लिवलात, बरं केलंत. माझा कुठं लिवू? मना लिवता येत नाय."

दोन झाकणं शिवलेली आहेत, हे सांगायचं होतं. मोठी बातमी म्हणून घेऊन गेले होते. सांगितलंच नाही. त्या वाक्यानंतर ते लाच दिल्यासारखं वाटलं असतं.

म्हटलं, "तुम्ही सांगा. मी लिहिते. जसं सांगाल तसं."

बराच वेळ माती चाळत राहिले. मग: "उद्या ती पोरगी पन येनार?"

"येणार."

"बघू."

उरलेला तुकडा पेरायला गेले. मी "नऊची जीप आहे, वाडीच्या फाट्यावर थांबते" एवढं सांगून निघाले. वही पिशवीत घातली आहे, दोन पेनं घातली आहेत. ते येतात की नाही, मला माहीत नाही.